अन्ननलिकेचा कर्करोग : छिद्र पडलेल्या महाधमनीला आतून अस्तर

अन्ननलिकेच्या कर्करोगावर उपचार घेत असलेल्या रुग्णाला एखाद्या रात्री अचानक वाटीभर लालभडक रक्ताची उलटी होते. घरातील मंडळी घाबरून जवळच्या दवाखान्यात धाव घेतात. तेथे पोहोचेपर्यंत रक्त थांबलेले असते. नाडी थोडी जलद, रक्तदाब किंचित कमी, पण रुग्ण शुद्धीवर आणि बोलत असलेला. पित्त उसळले असेल, गाठीला खरचटले असेल, अशी समजूत घातली जाते आणि रुग्ण घरी परततो. मग काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पुन्हा उलटी होते. ही दुसरी उलटी मात्र थांबत नाही.

रक्ताच्या प्रत्येक उलटीमागे असेच काही घडत असते, असे अर्थातच नाही. जठरातील व्रण, यकृताच्या विकाराने फुगलेल्या शिरा, खुद्द कर्करोगाच्या गाठीच्या पृष्ठभागावरील बारीक रक्तवाहिन्या ही कारणे कितीतरी अधिक आढळतात. तथापि छातीच्या मध्यभागी अन्ननलिकेची गाठ असलेल्या रुग्णाच्या बाबतीत एक शक्यता सर्वांत आधी तपासून बाजूला सारावी लागते. ती म्हणजे गाठीने शेजारच्या महाधमनीची भिंत पोखरली असण्याची. महाधमनी आणि अन्ननलिका यांच्यात असा अनैसर्गिक मार्ग तयार झाला, की त्याला वैद्यकीय परिभाषेत 'एऑर्टो-इसोफेजियल फिस्टुला' असे म्हणतात. उपचार न झाल्यास त्यातून रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. गेल्या तीन दशकांत मात्र छाती न उघडता, जांघेतील रक्तवाहिनीतून नळी सरकवून हे छिद्र आतून बंद करण्याचे तंत्र विकसित झाले आहे. त्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे रुग्णाच्या नातेवाइकांना वेळेआधी ठाऊक असणे महत्त्वाचे आहे. कारण निर्णयाची घटका येते तेव्हा विचाराला सवड नसते.

छातीतील दोन शेजारी

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी घशातून निघून छातीच्या पोकळीतून खाली उतरते आणि जठराला मिळते. महाधमनी हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघते, वर जाऊन छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि मणक्यांच्या डाव्या अंगाने खाली येते. छातीच्या मधल्या भागात या दोन्ही नळ्या एकमेकींना जवळपास टेकून असतात. खाली जाता जाता अन्ननलिका महाधमनीच्या पुढ्यात येते. निरोगी माणसात दोहोंच्या मध्ये चरबीचा एक पातळ थर असतो.

पोटातील आतड्यांना सर्वांत बाहेरून एक चिवट आवरण असते, तसे आवरण अन्ननलिकेच्या बहुतेक भागाला नाही. त्यामुळे आतल्या थरात सुरू झालेला कर्करोग स्नायूंचा थर ओलांडून बाहेर आला, की त्याला अडविणारे फारसे काही उरत नाही. पुढ्यात श्वासनलिका असेल तर ती, मागे महाधमनी असेल तर ती, असा तो सरकत जातो. महाधमनीत शिरलेल्या गाठीला कर्करोगाच्या वर्गवारीत 'टी-४ बी' ही पायरी दिली जाते. याचा साध्या भाषेतील अर्थ, शस्त्रक्रियेने गाठ समूळ काढता येण्याची वेळ सहसा टळून गेली आहे.

विश्रांतीच्या स्थितीत हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त बाहेर फेकते आणि प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण रक्तही साधारण तेवढेच असते. डोके आणि हात यांच्याकडे वळलेला वाटा वगळता उरलेला सारा प्रवाह या उतरत्या महाधमनीतून पूर्ण दाबाने वाहत असतो. तिला पडलेले काही मिलिमीटरचे छिद्रही पुरेसे घातक का ठरते, हे यावरून ध्यानात यावे.

शंभर वर्षांपूर्वी टिपलेली लक्षणे

अशा छिद्राची पहिली नोंद १८१८ सालची मानली जाते. फ्रेंच नौदलातील शल्यविशारद द्युब्रेय यांनी गिळलेल्या हाडाच्या तुकड्यामुळे मरण पावलेल्या एका सैनिकाची हकिगत लिहून ठेवली होती. पुढे १९१४ मध्ये ऑस्ट्रियन विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी या विकाराची लक्षणे क्रमवार मांडली. प्रथम छातीत मधोमध वेदना किंवा गिळताना त्रास. मग लाल रक्ताची एक मर्यादित उलटी. त्यानंतर काही तासांची, क्वचित काही दिवसांची शांतता. आणि अखेरीस प्राणघातक रक्तस्राव. हा क्रम आजही 'कियारीची लक्षणे' म्हणून शिकविला जातो. प्रत्येक रुग्णात चारही टप्पे स्पष्ट दिसतातच असे नाही, पण मधली शांतता हे या विकाराचे खास वैशिष्ट्य आहे.

ही शांतता येते कशी? पहिल्या स्रावानंतर रक्तदाब खाली येतो, छिद्राच्या तोंडाशी रक्ताची गुठळी जमते आणि काही काळ तीच बुचासारखे काम करते. रक्तदाब पूर्ववत झाला, की हे बूच निसटते. म्हणूनच अशा रुग्णाला घाईघाईने सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या लावून रक्तदाब वर नेण्याचा प्रयत्न उलट अंगाशी येऊ शकतो. मेंदू आणि मूत्रपिंडे चालू राहतील इतपत, थोडा कमीच रक्तदाब राखावा, असा अशा प्रसंगीचा सर्वसाधारण दंडक आहे. पहिल्या छोट्या स्रावाला इंग्रजीत 'हेरल्ड ब्लीड' म्हणजे वर्दी देणारा रक्तस्राव म्हणतात. नाव समर्पक आहे, कारण उपचारांसाठी मिळणारा सारा वेळ या वर्दीनंतरचाच असतो.

कर्करोग हे या विकाराचे एकमेव कारण नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे ५०० रुग्णांच्या एका आढाव्यात महाधमनीला आलेला फुगा हे कारण निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के रुग्णांत आढळले होते. गिळलेली परकीय वस्तू १९ टक्क्यांत, तर अन्ननलिकेचा कर्करोग १७ टक्क्यांत. परकीय वस्तूंमध्ये माशाचे काटे आणि हाडांचे तुकडे प्रमुख आहेत. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या कोळीवाड्यांपासून शहरातल्या इमारतींपर्यंत जेथे रोजच्या ताटात मासळी असते, तेथे घशात काटा अडकला की भाताचा गोळा नाहीतर केळे गिळण्याचा घरगुती उपाय सर्रास केला जातो. घशाशी टोचलेला बारीक काटा त्याने कधी निघतोही. पण छातीत रुतलेला काटा त्याच गोळ्याने आणखी खोल ढकलला जाऊ शकतो. काटा गिळल्यानंतर छातीत दुखत राहिले, तर दुर्बिणीने तपासून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

भाकरी, भात आणि मग पेज

अन्ननलिकेच्या कर्करोगाचे निदान उशिरा होते, हे भारतातील जुने दुखणे आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात या रोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ४ लाख ४५ हजार जणांचा मृत्यू झाला. हे दोन आकडे इतके जवळ असण्याचे कारणच उशिरा होणारे निदान हे आहे. सुरुवातीला भाकरी किंवा चपातीचा कोरडा घास अडल्यासारखा वाटतो. रुग्ण पाण्याचा घोट घेऊन तो उतरवितो. मग तो भाकरी सोडून भातावर येतो, भातावरून पेजेवर. वजन उतरते, त्याचे खापर वयावर किंवा दातांवर फोडले जाते. पाणीही उतरेनासे झाले, म्हणजे दवाखाना गाठला जातो. तोवर नळीचा निम्म्याहून अधिक व्यास गाठीने व्यापलेला असतो.

भारतात या कर्करोगाचा बहुतांश भाग तंबाखू आणि मद्य यांच्याशी निगडित आहे. विडी-सिगारेट तर आहेच, पण तंबाखूची मशेरी आणि गुटखा हेही त्यात येतात. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. ती कितपत पाळली जाते, हे कोणत्याही टपरीपाशी दोन मिनिटे उभे राहिल्यास कळते. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापलेली पेये कर्करोगास बहुधा कारणीभूत असल्याचा निष्कर्षही वर उल्लेखिलेल्या संस्थेने २०१६ मध्ये काढला आहे. चुलीवरून थेट बशीत आणि बशीतून थेट घशात जाणारा चहा त्यात मोडतो.

गाठ महाधमनीला चिकटल्याचा अंदाज सीटी स्कॅनवरून बांधता येतो. दोहोंमधील चरबीचा थर नाहीसा होणे ही पहिली खूण. गाठीने महाधमनीच्या परिघाचा ९० अंश किंवा त्याहून अधिक भाग कवेत घेतला असेल, तर तिच्यात शिरकाव झाल्याचा संशय बळावतो. ही माहिती रुग्णाच्या पहिल्याच अहवालात असते. दुर्दैवाने नातेवाइकांच्या हाती त्यातले शेवटचे दोन शब्द तेवढे राहतात आणि अहवालाचा कागद पिशवीच्या तळाशी जातो.

येथे आणखी एक विरोधाभास लक्षात घ्यावा लागतो. छिद्र पडण्याचा धोका केवळ गाठ वाढत असतानाच असतो असे नाही. उपचारांना गाठ चांगला प्रतिसाद देत असतानाही तो असतो. महाधमनीच्या भिंतीत शिरलेल्या गाठीच्या पेशी किरणोपचार आणि केमोथेरपीने मरतात, गाठ आकसते, पण तिने व्यापलेल्या जागी निरोगी ऊती वेळेत भरून येत नाही. भिंतीच्या जागी पोकळी उरते. गिळणे सुकर व्हावे म्हणून अन्ननलिकेत बसविलेल्या धातूच्या जाळीची टोके, तसेच नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी काही औषधे यांमुळेही क्वचित हा धोका वाढतो. त्यामुळे किरणोपचार पूर्ण होऊन रुग्ण जेवू लागला असतानाच आलेली रक्ताची उलटी दुर्लक्षिण्याजोगी नसते.

छाती उघडण्याऐवजी जांघेतून

पूर्वी या छिद्रावर एकच उपाय होता. छाती उघडायची, महाधमनीला वर-खाली चिमटे लावून प्रवाह थांबवायचा, खराब भाग कापून तेथे कृत्रिम नळी शिवायची आणि अन्ननलिकाही काढून टाकायची. या विकारातून शस्त्रक्रियेने वाचलेल्या रुग्णाचा पहिला वृत्तान्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला तो १९८० मध्ये, आणि त्या रुग्णाचे छिद्रही गिळलेल्या परकीय वस्तूमुळे पडलेले होते. कर्करोगाने खंगलेला, काही आठवडे पोटभर न जेवलेला, किरणोपचारांनी फुप्फुसे थकलेली, असा रुग्ण एवढी शस्त्रक्रिया सोसू शकत नसे. बहुतेकांच्या बाबतीत तिचा विचारही होत नसे.

बदल घडला तो महाधमनीच्या फुग्यांवरील उपचारांतून. युक्रेनमधील खारकीव्ह येथील शल्यविशारद निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतील महाधमनीत आतून कृत्रिम नळी बसविली. अर्जेंटिनाचे हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्युनॉस आयर्स येथे पोटातील महाधमनीच्या फुग्यासाठी तेच तत्त्व वापरले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मायकेल डेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीतील महाधमनीवरील अशा उपचारांचा अनुभव १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. छातीतील महाधमनीसाठी खास तयार केलेल्या साधनाला अमेरिकेच्या औषध नियामकांची पहिली मान्यता २००५ मध्ये मिळाली. फुग्यासाठी निघालेले हे साधन पुढे अपघातात फाटलेल्या महाधमनीसाठी आणि त्यानंतर अन्ननलिकेच्या बाजूने पोखरल्या गेलेल्या महाधमनीसाठीही वापरले जाऊ लागले. या पद्धतीच्या लांबलचक इंग्रजी नावाचे लघुरूप 'टेव्हार' असे आहे.

साधनाचे नाव 'स्टेंट-ग्राफ्ट'. हृदयाच्या अँजिओप्लास्टीत वापरला जाणारा स्टेंट म्हणजे नुसती जाळी. तिच्या डोळ्यांतून रक्त आरपार जाऊ शकते. येथे त्या जाळीला पॉलिस्टर किंवा तत्सम कृत्रिम कापडाचे अस्तर असते, त्यामुळे रक्त नळीच्या आतूनच वाहते आणि भिंतीतील छिद्रापर्यंत पोहोचत नाही. जाळी निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते. ती दाबून बारीक नळीत भरता येते आणि नळीतून सुटली की आपला मूळ आकार पुन्हा धारण करते.

प्रत्यक्ष प्रक्रिया अशी होते. रुग्णाला क्ष-किरण यंत्राच्या टेबलावर निजविले जाते. स्थिती बरी असेल तर केवळ जांघेपुरती भूल देऊनही काम भागते. जांघेतील धमनीतून बारीक तार वर सरकविली जाते. ती पोटातून छातीपर्यंत पोहोचते. आयोडीनयुक्त द्रव सोडून पडद्यावर महाधमनीचे चित्र उमटविले जाते आणि छिद्राची नेमकी जागा हेरली जाते. मग त्याच तारेवरून सहा ते आठ मिलिमीटर जाडीच्या नळीतून दुमडलेले स्टेंट-ग्राफ्ट वर नेले जाते. ते उलगडताना रक्ताच्या लोंढ्याने खाली ढकलले जाऊ नये म्हणून रक्तदाब क्षणभर मुद्दाम उतरवितात. छिद्राच्या वर आणि खाली किमान दोन सेंटिमीटर निरोगी भिंत पकडीसाठी मिळाली पाहिजे. सारे जुळून आले तर साधारण तास-दीड तासात काम पुरे होते. निष्णात हातांत ग्राफ्ट ठरल्या जागी बसणे आणि रक्तस्राव तत्काळ थांबणे हे बहुतेक वेळा साधते.

अडचणी लहान वाटणाऱ्या गोष्टींत असतात. महाधमनीच्या फुग्यासाठी लागणारी ग्राफ्टे मोठ्या व्यासाची असतात; कर्करोगाच्या रुग्णाची महाधमनी मात्र फुगलेली नसते. तिला २२ ते २८ मिलिमीटरच्या आसपासचे, म्हणजे लहान मापाचे ग्राफ्ट लागते. माप चुकीचे मोठे निवडले तर कापडाला आत घडी पडते आणि रक्त पुन्हा मागे शिरते. सर्व मापांची महागडी ग्राफ्टे प्रत्येक रुग्णालय कपाटात ठेवू शकत नाही. ती मागवावी लागतात. कृश रुग्णाच्या, विशेषतः स्त्रियांच्या, जांघेतील धमन्या अरुंद असतात आणि जाड नळी त्यांतून जात नाही. छिद्र वरच्या बाजूला असेल तर डाव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीचे तोंड ग्राफ्टखाली झाकावे लागते. मज्जारज्जूला रक्त पुरविणाऱ्या बारीक फांद्या झाकल्या गेल्या, तर कमरेखालचे अंग लुळे पडण्याचा धोका असतो. धोका थोडा असला, तरी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी नातेवाइकांना तो सांगितला गेला पाहिजे.

बंद झालेले आणि उघडे राहिलेले

स्टेंट-ग्राफ्टने छिद्राची एक बाजू बंद होते, रक्ताची. दुसरी बाजू, अन्ननलिकेची, उघडीच राहते. कर्करोगही जागच्या जागी राहतो. गिळलेली लाळ, अन्नकण आणि तोंडातील जंतू त्या वाटेने ग्राफ्टच्या कापडापर्यंत पोहोचतात आणि कृत्रिम कापडात एकदा जंतूंनी घर केले, की केवळ औषधांनी त्यांना हुसकणे फार अवघड असते. छातीच्या मध्यभागी पू होणे, ताप येत राहणे, काही आठवड्यांनी पुन्हा रक्तस्राव होणे ही या उपचारांनंतरची सर्वांत मोठी काळजी आहे.

म्हणून प्रक्रियेनंतर शिरेवाटे प्रभावी प्रतिजैविके काही आठवडे चालू ठेवावी लागतात. अनेकदा त्यानंतर गोळ्या रुग्ण असेपर्यंत सुरू राहतात. तोंडाने खाणे बंद करून पोटातून जठरात किंवा लहान आतड्यात बसविलेल्या नळीने आहार दिला जातो. अन्ननलिकेच्या आतूनही अस्तर असलेली जाळी बसवावी काय, याविषयी डॉक्टरांमध्ये एकमत नाही. तिने छिद्र झाकले जाते, पण आधीच नाजूक झालेल्या भिंतीवर तिचा दाबही पडतो.

ज्या रुग्णांत कारण फुगा किंवा माशाचा काटा असते, त्यांच्या बाबतीत स्टेंट-ग्राफ्ट हा पूल मानला जातो. त्यावरून पलीकडे जायचे, रुग्ण सावरला की अन्ननलिकेची दुरुस्ती अथवा छेदन करायचे, प्रसंगी संसर्ग झालेले ग्राफ्टही काढायचे. कर्करोगाच्या टी-४ बी रुग्णाला या पुलाचे दुसरे टोक बहुधा लाभत नाही. त्याच्या हाती पडतो तो काळ. प्रसिद्ध झालेल्या अनुभवांनुसार हा काळ सहसा काही आठवड्यांचा ते काही महिन्यांचा असतो. वर्षभर किंवा अधिक जगलेले रुग्ण नोंदले गेले आहेत, पण ते अपवाद होत. काही जणांना या काळात राहिलेली केमोथेरपी घेता येते. काहींना रक्ताच्या थारोळ्यातील मृत्यूऐवजी घरी, माणसांत, शांतपणे जाता येते. याला यश म्हणावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, परंतु यालाच 'बरा झाला' म्हणणे ही फसवणूक ठरेल.

याच विचारातून अलीकडे ग्राफ्ट आधीच बसविण्याचा मार्गही पुढे आला आहे. जपान, चीन आणि युरोपातील काही केंद्रांनी महाधमनीला चिकटलेल्या गाठीच्या निवडक रुग्णांत किरणोपचारांपूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वीच स्टेंट-ग्राफ्ट बसविले. हेतू हा, की गाठ आकसून भिंत उघडी पडली तरी आतले अस्तर प्रवाह धरून ठेवील, अथवा शल्यविशारदाला गाठीबरोबर महाधमनीच्या भिंतीचा पातळ पदर खरवडून काढता येईल. छिद्र पडण्यापूर्वी बसविलेल्या ग्राफ्टला जंतूंचा उपद्रव कमी होतो, हे तर्काला धरून आहे. मात्र हे अनुभव थोड्याथोड्या रुग्णांवरचे आहेत. प्रत्येकाला सुचवावा असा हा सर्वमान्य उपचार अद्याप झालेला नाही.

वसईच्या खाडीअलीकडे

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगर परिषदा एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महापालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेतच या शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. कर्करोगाच्या गुंतागुंतीच्या उपचारांसाठी मात्र येथील रुग्णाची वाट पिढ्यान् पिढ्या एकच राहिली आहे, ती परळची. १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आणि १९२६ पासूनचे केईएम रुग्णालय तेथे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. विरार ते चर्चगेट हे लोहमार्गाचे अंतर सुमारे ६० किलोमीटर. पहाटेची लोकल पकडून फायलींची पिशवी सांभाळत किरणोपचारांना जाणारा रुग्ण आणि त्याच्यासोबतचा नातेवाईक हे या मार्गावरचे नेहमीचे दृश्य आहे.

ठरलेल्या तारखेला लोकल चालते. रक्ताची उलटी झालेल्या रुग्णाला ती चालत नाही. त्याच्यासाठी उरतो मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि घोडबंदरजवळचा वर्सोवा पूल. तेथे २०२३ मध्ये नवा पूल वाहतुकीस खुला झाला, तरी कोंडी संपलेली नाही. २०२५ च्या पावसाळ्यात पालघरहून मुंबईकडे नेल्या जात असलेल्या एका जखमी महिलेची रुग्णवाहिका याच महामार्गावर काही तास अडकली आणि मुंबईतील रुग्णालय गाठण्यापूर्वीच तिचा मृत्यू झाला. तिचा आजार वेगळा होता, रस्ता हाच होता.

वसई-विरारमध्ये अँजिओप्लास्टीची सोय असलेली खासगी रुग्णालये आहेत. परंतु अँजिओप्लास्टी होते तेथे टेव्हार होईलच, असे गृहीत धरता येत नाही. त्यासाठी रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद किंवा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, योग्य मापाचे ग्राफ्ट, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि गरज पडल्यास छाती उघडू शकणारा चमू, हे सारे एका ठिकाणी लागते. म्हणून पहिल्या उलटीनंतर स्थानिक रुग्णालयाचे काम मर्यादित, पण निर्णायक असते. दोन्ही हातांच्या शिरांत सुया, रक्तगट आणि रक्ताची मागणी, रक्तदाबावर लगाम, आणि रुग्ण स्थिर असेल तर रक्तवाहिन्या दाखविणारा सीटी स्कॅन. रक्ताच्या उलटीत एरवी आधी दुर्बिणीची तपासणी केली जाते. महाधमनीचा संशय असेल तेव्हा मात्र आधी स्कॅन करावा असे तज्ज्ञ सांगतात, कारण दुर्बिणीसोबत सोडलेल्या हवेनेही गुठळीचे बूच हलू शकते. रक्तस्राव पुन्हा सुरूच झाला, तर नाका-तोंडावाटे फुगा असलेली नळी घालून अन्ननलिकेतून छिद्रावर दाब देता येतो. यकृताच्या रुग्णांसाठी १९५० पासून वापरात असलेली ही नळी हा केवळ वेळ मिळविण्याचा उपाय आहे.

रुग्णवाहिका निघण्यापूर्वी पलीकडच्या रुग्णालयाशी दूरध्वनीवरून बोलणे झाले पाहिजे आणि सीटीची चित्रे तेथे पोहोचली पाहिजेत. ग्राफ्टचे माप त्यावरूनच ठरते. रुग्ण वर्सोवा पुलावर असताना तिकडे ग्राफ्टची जुळवाजुळव सुरू झाली, तर कोंडीत गेलेला वेळ काही अंशी भरून निघतो. राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ क्रमांकाच्या सेवेत साध्या आणि प्रगत अशा दोन प्रकारच्या रुग्णवाहिका आहेत. कर्करोग, रक्ताची उलटी आणि सध्याचा रक्तदाब एवढे तीन मुद्दे फोनवर सांगितल्यास कोणती पाठवायची हे ठरविणे सोपे जाते.

खर्चाचा प्रश्न टाळता येत नाही. एका ग्राफ्टचीच किंमत काही लाख रुपयांत जाते. अतिदक्षता विभाग, रक्त आणि प्रतिजैविके निराळी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे विमासंरक्षण प्रतिकुटुंब दीड लाखांवरून पाच लाख रुपये करण्यात आले आणि २०२४ पासून ती सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू झाली. हा विशिष्ट उपचार त्या रुग्णालयात योजनेत बसतो की नाही, हे तेथील आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. हा प्रश्न रक्ताच्या उलटीच्या रात्री विचारण्यापेक्षा गाठ महाधमनीला चिकटल्याचा अहवाल आला त्या आठवड्यात विचारलेला बरा.

नको म्हणण्याचा अधिकार

त्याच आठवड्यात आणखी एक बोलणे व्हायला हवे, आणि तेच बहुतेक घरांत होत नाही. असा रक्तस्राव झाला तर रुग्णाला काय हवे आहे? कर्करोग आवरात आहे, रुग्ण हिंडता-फिरता आहे, पुढचे उपचार शिल्लक आहेत, अशा वेळी टेव्हारसाठी धावणे सयुक्तिक असते. रोग यकृतात आणि फुप्फुसांत पसरला आहे, रुग्ण अंथरुणाला खिळला आहे, अशा वेळी महामार्गावरचा तो प्रवास त्याचे अखेरचे तास हिरावून घेणाराही ठरू शकतो. रुग्णाला रोगाचे नावच कळू न देण्याची रीत अजून पुष्कळ कुटुंबांत आहे. तेथे हा प्रश्न त्याला विचारणार कोण आणि कसा, ही अडचण कोणत्याही यंत्राने सुटणारी नाही. डॉक्टरांना ती ठाऊक असते. बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत तिच्यासाठी वेळ काढणे त्यांनाही जमतेच असे नाही.

वेदनाशामक आणि सांत्वन उपचार देणारे पथक येथे उपयोगी पडते. नको असा निर्णय झाला असेल, तर घरी करायची तयारी ते नातेवाइकांना शिकवितात. झोप आणणारे औषध कोणते, किती आणि कसे द्यायचे, रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे कागदावर लिहून दिले जाते. रुग्णाला एका कुशीवर वळवून त्याच्याजवळ कोणीतरी बसून राहायचे असते. उशाशी गडद रंगाचे, शक्यतो मरून किंवा गडद हिरवे, टॉवेल आणि चादरी घडी करून ठेवायला सांगतात. पांढऱ्या कापडावर रक्त फार दिसते आणि त्याने रुग्णही घाबरतो, जवळचे माणूसही.